मागच्या चाकाला रिम ब्रेक की डिस्क?

पत्र: मी मुलुंडला राहतो. वय १९, वजन ६० किलो. दोन वर्षं साध्या एमटीबीवर (डोंगरी सायकलवर) ट्रॅकस्टँड (जागच्या जागी तोल धरणं), बनीहॉप (दोन्ही चाकं उचलून उडी) आणि थोडं बॅकहॉप (मागच्या चाकावर उड्या) शिकलो. आता ट्रायल्सची, म्हणजे पाय न टेकता खडक आणि अडथळ्यांवरून सायकल नेण्याच्या खेळाची, २६ इंची सेकंडहँड फ्रेम आणि फोर्क मिळालाय. फोर्कला फक्त डिस्कची जागा आहे. मागे मात्र रिम ब्रेकसाठी चार बोल्टांचं माउंटही आहे आणि डिस्कचंही. विकणाऱ्याने मागची जुनी रिम आणि मगुरा एचएस ३३ या तेलाच्या दाबावर चालणाऱ्या रिम ब्रेकचा सेट तसाच देऊन टाकला, पण त्याचा लिव्हर दाबला की हँडलला टेकतो. मित्र म्हणतात, आता रिम ब्रेक कोण लावतं, मागेही डिस्कच घे. रोजचा सराव सोसायटीच्या आवारात, रविवारी बँडस्टँडच्या खडकांवर. मागे काय लावू? पावसाळ्यात रिम ब्रेक चालतो का? आणि ती जुनी रिम वापरू का?

उत्तर: मागे रिम ब्रेकच लाव. तो सेट टाकू नकोस, बहुतेक दुरुस्त होईल.

मित्रांचं म्हणणं डोंगरातल्या किंवा रस्त्यावरच्या सायकलीसाठी बरोबर आहे. तिथे ब्रेक वेग कमी करायला लागतो. ट्रायल्सला वेग नसतोच. तिथे ब्रेकचं काम एकच, चाक जागच्या जागी धरून ठेवणं. मागच्या एका चाकावर तू उभा आहेस, सगळं वजन त्या चाकावर आहे, आणि पेडल किकच्या (पेडलला झटका देऊन उडी घेण्याच्या) आधीच्या क्षणी ते चाक बोटभरही सरकता कामा नये. सरकलं तर तू पाठीवर पडशील.

हिशेबच करून बघू. तुझं वजन ६० किलो आणि क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, १७ सेंटीमीटरचा. पुढचा पेडल आडवा ठेवून त्यावर पूर्ण वजन टाकलंस तर क्रँकवर १०२० किलो-सेंटीमीटरचा पीळ येतो. २६ इंची ट्रायल्सवर पुढे १८ दात आणि मागे १५ ही नेहमीची जोडी धरली, तर त्यातला ८५० चाकापर्यंत पोहोचतो. रिम ब्रेकचे पॅड धुरीपासून साधारण २७ सेंटीमीटरवर पकडतात, म्हणजे त्यांना ३१ किलोचं घर्षण पुरतं. १६० मिमीच्या डिस्कचे पॅड धुरीपासून ७ सेंटीमीटरवर असतात, त्यांना त्याच कामासाठी १२१ किलो लागतं. हे झालं नुसतं उभं राहण्याचं. उडी मारून उतरताना हाच आकडा काही पटीने वाढतो.

डिस्क तेवढं घर्षण देऊ शकते, ते काही अशक्य नाही. अडचण दुसरी आहे. डिस्क हब धरते आणि जमिनीला टेकतो तो टायर. मधला सगळा पीळ स्पोकांमधून जातो. स्पोक किंचित वाकतात, कॅलिपरमध्ये (पॅड धरणाऱ्या भागात) पॅड आपल्या खाचेत केसभर पुढेमागे हलतात, रोटरच्या (हबवरच्या चकतीच्या) बोल्टांना जराशी ढिलाई असली तर तीही त्यात मिळते. मागच्या चाकावर उभं राहून पुढेमागे डुलताना पायाखाली 'टक' असा जो झटका लागतो, तो हाच. रस्त्यावर तो जाणवतही नाही, पण खडकाच्या टोकावर तोल साधताना तेवढा झटका पुरे होतो. रिम ब्रेक थेट रिम धरतो, मधे स्पोक येतच नाहीत. शिवाय मागचा रोटर आणि कॅलिपर खडकावर आपटण्याची भीती कायमची. एकदा रोटर वाकला की त्या दिवसाचा सराव संपला.

तरीही मागे डिस्क लावणारे आहेत आणि ते चुकत नाहीत. स्ट्रीट ट्रायल्स करणाऱ्यांना, म्हणजे वेगाने येऊन भिंत, कठडा, रेलिंग यांवर खेळणाऱ्यांना, दोन्हीकडे डिस्क सोयीची पडते. तिथे वेगही असतो आणि रिमला सतत पोचे पडतात. पोचा पडलेल्या रिमवर रिम ब्रेक एका जागी करकचून धरतो आणि पुढे सुटतो. तुझा कल पुढे त्या बाजूला गेला तर डिस्कचं माउंट फ्रेमवर आहेच. आज तू खडक आणि बॅकहॉप शिकतो आहेस, म्हणून मागे रिम.

आता तो एचएस ३३. लिव्हर हँडलला टेकतो याची कारणं तीनच. आधी लिव्हरवरचा पॅड जवळ आणणारा स्क्रू फिरवून बघ. पॅड झिजले असतील आणि स्क्रू पूर्ण बाहेर असेल तर लिव्हर लांब जातोच. तसं नसेल तर लिव्हर दाबून ३० सेकंद धरून ठेव. दाब स्पंजासारखा लागतो पण लिव्हर जागेवर थांबतो, म्हणजे आत हवा आहे. लिव्हर हळूहळू खाली बसत जातो, म्हणजे तेल कुठून तरी गळतंय. रिमच्या दोन्ही बाजूंना पॅड ढकलणाऱ्या सिलिंडरच्या पिस्टनभोवती, पाइपच्या जोडांवर आणि लिव्हरच्या तळाशी टिश्यू पेपर दाबून बघ, ओल दिसेल. जोडावर गळत असेल तर नट घट्ट करून किंवा पाइपचं टोक कापून नवीन बसवून भागतं. पिस्टनमधून गळत असेल तर तो सिलिंडर बदलावा लागतो.

हवा असेल तर तेल नव्याने भरायचं. मगुराचं खनिज तेल, २५ ते ३० मिली भरता येईल अशा दोन सिरिंज आणि बारीक पारदर्शक नळी घे. मोटारसायकलचं डॉट ४ तेल यात चुकूनही घालू नकोस. त्याने आतले रबरी सील फुगतात आणि पूर्ण सेट वाया जातो. डॉट ४ गाडीच्या स्पेअरच्या कुठल्याही दुकानात मिळतं, म्हणूनच ही चूक होते. पॅड काढ, दोन्ही पिस्टन अंगठ्याने पूर्ण आत दाब, लिव्हरवरचा स्क्रू पूर्ण सैल कर. सायकल अशी टेकव की लिव्हरचं भोक सगळ्यात उंचावर येईल. खालच्या सिलिंडरला तेलाची सिरिंज लाव, लिव्हरच्या भोकाला दट्ट्या काढलेली रिकामी सिरिंज. आता खालून वर तेल ढकल, सावकाश. दोन सिलिंडरना जोडणारी जी आखूड पाइप टायरवरून जाते, तिच्यात बुडबुडा अडकतो. तिला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक कर, सायकल डावी-उजवीकडे कलती कर. वरच्या सिरिंजमध्ये बुडबुडे यायचे थांबले की आधी वरचं भोक बंद कर, मग खालची सिरिंज काढ. उलट केलंस तर तेल खालून निघून जाईल आणि हवा पुन्हा आत शिरेल. वर येणारं तेल काळं किंवा पाण्यासारखं असेल तर स्वच्छ येईपर्यंत ढकलत राहा. काही ट्रायल्सवाले तेलाऐवजी पाणी आणि अँटिफ्रीझचं मिश्रण भरतात, लिव्हर हलका आणि चपळ होतो. मुंबईच्या दमट हवेत सायकल आठवडे उभी राहते, आत गंज धरतो. तू तेलच ठेव.

पॅडबद्दल स्पष्ट सांगतो. सेटबरोबर आलेले पॅड गुळगुळीत रिमवर लांब पल्ल्याची सायकल चालवणाऱ्यांसाठी असतात. ट्रायल्ससाठी पॉलियुरेथेनचे पॅड लागतात आणि त्यांची पाठ अॅल्युमिनियमची हवी. प्लॅस्टिकची पाठ जोराने दाबल्यावर वाकते आणि लिव्हर पुन्हा मऊ लागतो. असे पॅड मुंबईत कोपऱ्यावरच्या सायकल दुकानात मिळत नाहीत, परदेशी ट्रायल्सच्या दुकानातून मागवावे लागतात. एक जोडी मागवू नकोस. पोस्टेज आणि कस्टमचा खर्च एकदाच होऊ दे, तीन जोड्या मागव.

पॅड बसवताना चारही बोल्ट किंचित सैल ठेव, चाक सरळ बसल्याची खात्री कर, मग लिव्हर दाबून धर. दाबलेल्या स्थितीत पॅड रिमला सपाट चिकटतात. तसेच धरून बोल्ट थोडे थोडे, आलटून पालटून आवळ. सोडल्यावर दोन्ही बाजूंना रिमपासून दीड ते दोन मिमी अंतर राहायला हवं. पॅडची वरची कड टायरला लागता कामा नये. लागली तर काही दिवसांत टायरची बाजू कापली जाईल. आणि बोल्टांच्या आट्यांना ग्रीस लाव. अॅल्युमिनियमच्या फ्रेममध्ये स्टीलचा बोल्ट आणि वर खारी हवा, वर्षभरात तो असा धरतो की काढताना आटेच निघून येतात.

मग लिव्हर जोरात दाबून मागून बघ. सीटकडून मागच्या धुरीकडे जाणाऱ्या दोन नळ्या बाहेरच्या बाजूला फाकताना दिसल्या तर बूस्टर लागेल. ही कमानीसारखी पट्टी दोन्ही बाजूंच्या बोल्टांना एकत्र बांधते. तुझ्या हाताचा जोर फ्रेम फाकवण्यात गेला तर तो रिमपर्यंत पोहोचत नाही. सेकंडहँड सेटमध्ये नेमकी हीच पट्टी हरवलेली असते.

आणि ज्याच्यावर सगळं अवलंबून आहे ते, रिम घासणं. गुळगुळीत रिमवर कुठलाही पॅड पूर्ण वजन धरणार नाही. रिमच्या बाजूंना अँगल ग्राइंडरने खरखरीत करावं लागतं. चार इंची ग्राइंडर कुणाकडून तरी आण, डिस्क मात्र स्वतः निवड. लोखंड घासायची साधी डिस्क अॅल्युमिनियमने भरून जाते, गरम होते, फुटूही शकते. दगड आणि लोखंडाव्यतिरिक्तच्या धातूंसाठीची सिलिकॉन कार्बाइडची डिस्क माग, नागदेवी स्ट्रीटला हत्यारांच्या दुकानात ती सहज मिळते. डिस्कवर छापलेला फेऱ्यांचा आकडा ग्राइंडरच्या फेऱ्यांपेक्षा जास्त असायला हवा. गार्ड काढायचा नाही. डोळ्यांना गॉगल, नाकाला मास्क, हातात सैल कपडा नको.

टायर आणि ट्यूब काढ, चाक फ्रेममध्येच राहू दे, सायकल उलटी करून कुणाला तरी घट्ट धरायला सांग. ग्राइंडर दोन्ही हातांत. डिस्कची कड रिमच्या बाजूला अगदी तिरकी, पंधरा-वीस अंशात, फक्त टेकवायची. दाबायची नाही. ग्राइंडरच्या स्वतःच्या वजनाएवढाही दाब नको. स्पर्श झाला की 'च्रर्र' असा कोरडा आवाज येतो आणि एक पांढरी रेघ उमटते. रेघ धुरीकडून टायरकडे अशी उभी किंवा तिरकी हवी, चाक फिरतं त्या दिशेने लांब ओढलेली नको. पॅड सरकायचा असतो चाकाच्या दिशेने, त्याला आडवी येणारी रेघच अडवते. चाक दोन-तीन मिमी पुढे, पुन्हा एक स्पर्श. अशी पूर्ण फेरी, मग दुसरी बाजू. नख फिरवलंस तर कानशीसारखं अडकलं पाहिजे. नखाचं टोक रेघेत बुडत असेल तर तू खोल गेलास, तेवढं आयुष्य रिमचं कमी झालं. रिमच्या वरच्या कडेला धारदार कंगोरा राहतो, तो कानशीने मोड, नाहीतर टायर कापेल. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घे. हे काम गच्चीवर दुपारी दोन ते चारमध्ये काढू नकोस, आवाज सबंध इमारतीत जातो.

आवाजाची दुसरी गोष्टही आत्ताच सांगितलेली बरी. घासलेल्या रिमवर ब्रेक किंचाळतो. सोसायटीत रोज संध्याकाळी सराव करणार असशील तर शेजारी बोलणारच. किंचाळणं बंद करायचा उपाय नाही, कारण आवाज आणि पकड एकाच खरखरीतून येतात. वेळ ठरवून घे.

पहिले एक-दोन दिवस पॅड भुकटी सोडतील, मग रिमला बसतील. त्यानंतर एक चाचणी कर. मित्राला पुढचं चाक धरायला सांग, मागचा ब्रेक एका बोटाने दाब, पुढचा पेडल आडवा ठेवून त्यावर पूर्ण उभा राहा आणि दोनदा दणका दे. रिम पॅडमधून सरकली तर खडकांवर जायची घाई नको. घासणी किती टिकते ते सरावावर ठरतं. पकड कमी वाटली की आधी ताठ ब्रशने रेघांत भरलेली पॅडची भुकटी काढ, बऱ्याचदा तेवढ्याने भागतं. पुन्हा ग्राइंडर शेवटचा उपाय.

पावसाळा. गुळगुळीत रिम पावसात निकामी होते हे खरं, पण घासलेली रिम ओली असतानाही धरते. रेघांचे कंगोरे पाण्याच्या थरातून पॅडमध्ये रुततात. पहिली अर्धी फेरी जरा सरकेल, मग पकडेल. पाण्यापेक्षा चिखल वाईट. लाल मातीतली रेती पॅडमध्ये रुतून बसते आणि रिम खात राहते. जून ते सप्टेंबर दर दोन-तीन सरावांनंतर पॅड काढून बघ, रुतलेले खडे पिनेने टोकरून काढ. डिस्कला त्या दिवसांत देखभाल कमी लागते, हे मान्य करायलाच हवं. पण तिलाही पहिला पाऊस बाधतो. रस्त्यावर वर्षभर साचलेलं तेल आणि डिझेल त्या दिवशी पाण्यावर तरंगतं. त्याचा शिंतोडा रोटरवर आला तर पॅड तेल पितात आणि मग कितीही पुसा, पकड परत येत नाही. पहिल्या सरीनंतरचे दोन दिवस सायकल बाहेर काढू नकोस.

बँडस्टँडहून आल्यावर दर वेळी बादलीभर गोड्या पाण्याने सायकल धू आणि लगेच पूस. ग्राइंडरने उघडं पडलेलं अॅल्युमिनियम खाऱ्या पाण्याने पांढरट भुकटी धरतं आणि ती पॅडखाली टाल्कम पावडरसारखी काम करते, पकड जाते. आणि निघण्याआधी भरती-ओहोटीची वेळ बघ. खडकाचा जो भाग भरतीला पाण्याखाली जातो त्यावर शेवाळ असतं. तिथे ब्रेक चाक धरेल, पण टायर खडक धरणार नाही. पावसाळ्यात त्या खडकांवर जाऊच नकोस, लाटेचा भरवसा नाही.

पुढच्या डिस्कबद्दल फार विचार करायची गरज नाही. १६० मिमी रोटर, शिमानोचा हायड्रॉलिक ब्रेक. कारण साधं आहे, त्याचे पॅड आणि तेल शहरातल्या बहुतेक चांगल्या सायकल दुकानांत मिळतात. कॅलिपर बसवायच्या जागेचे दोन प्रकार आहेत. जुन्या ट्रायल्स फोर्कवर बहुतेक वेळा आयएस माउंट असतं, दोन भोकांतलं अंतर ५१ मिमी. नवे कॅलिपर पोस्ट माउंटचे, ७४ मिमी. मोजून घे, अॅडॉप्टर लागेल. पॅड रेझिनचे घे, धातूचे नको. धातूचे पॅड तापल्यावर खुलतात, आणि ट्रायल्सचा ब्रेक कधी तापतच नाही. रोटरचे सहा बोल्ट ताऱ्यासारखे आलटून पालटून, ४ न्यूटन-मीटरपर्यंत. कॅलिपरचे ६ ते ८.

एक गोष्ट इथे बहुतेकांची चुकते. नवे पॅड रोटरला बसवायला वेगातून तीस-चाळीसदा ब्रेक मारावा लागतो. पण १८ आणि १५ दातांच्या जोडीवर मिनिटाला ९० वेळा पेडल मारलंस तरी तू ताशी १३ किलोमीटरच्या पुढे जाणार नाहीस. सपाटीवर पॅड कधीच नीट बसत नाहीत आणि मग ब्रेकलाच दोष दिला जातो. वाहनं नसलेला लांब उतार शोध, वेग घे, दमाने पण ठामपणे ब्रेक लाव, जवळजवळ थांबेपर्यंत, चाक लॉक न करता. पुन्हा सोड. चाळीस वेळा.

लिव्हर कुठल्या हाताला तेही बघून घे. आपल्याकडे उजव्या हाताला पुढचा ब्रेक. सेकंडहँड सेट युरोपातून आलेला असेल तर एचएस ३३ चा लिव्हर उजव्या हाताचा असू शकतो, कारण तिथे बहुतेक देशांत मागचा ब्रेक उजवीकडे असतो. दोन वर्षांची सवय उलटी करायची की लिव्हर बदलायचा ते आधी ठरव. आमचं मत लिव्हर बदल. पडताना हात सवयीनेच चालतो.

राहिली जुनी रिम. ती आधी कुणीतरी घासलेली असणार, म्हणून भिंतीची जाडी मोजल्याशिवाय वापरू नकोस. रिमच्या आतल्या बाजूला टायर अडकवायचा हूक असतो, त्यामुळे व्हर्नियर थेट बसत नाही. हूकच्या खाली भिंतीला ३ मिमीचा ड्रिल बिट चिकटवून धर, बिट आणि भिंत मिळून मोज, त्यातून ३ वजा कर. चार-पाच जागी मोज, जोडाच्या दोन्ही बाजूंना नक्की. १ मिमीच्या आसपास आली असेल तर ती संपली. तशा रिमची भिंत हवेच्या दाबाने फाटते. स्पोकच्या भोकांभोवती केसासारख्या चिरा असल्या तरी संपली. जाडी ठीक असेल तर चाक फिरवून पॅडच्या अंतरावरून पोचे तपास. मिलिमीटरभरापेक्षा जास्त फुगवटा असेल तिथे ब्रेक अडकेल.

मोजमापात ती नापास झाली तरी लगेच भंगारात देऊ नकोस. नव्या रिमला हात लावण्याआधी ग्राइंडरचा पहिला अर्धा तास तिच्यावरच घालव.